रोपे किती जगली ते पुरे, आता खोडाचा घेर विचारा

वृक्षलागवडीचे आराखडे आखणाऱ्या, त्यांना पैसा पुरवणाऱ्या आणि त्यांचा हिशेब मागणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र लिहिताना माझ्यासमोर खोडाचा एक आडवा काप आहे. वादळात पडलेल्या एका झाडाचा. गाभ्याकडून सालीकडे वलये मोजत गेलो तर पहिली सात चांगली ठसठशीत आहेत. पुढची एकोणतीस एकमेकांना इतकी चिकटलेली, की भिंगाशिवाय सुटी दिसत नाहीत. एकोणतीस वर्षांची सगळी जाडी माझ्या अंगठ्याच्या रुंदीत मावते. आणि मग सदतिसाव्या वर्षापासून वलये एकदम रुंद होतात. एकेक वलय आधीच्या पाच-सहा वलयांएवढे.

त्या वेळी काय घडले ते माझ्या जुन्या वहीत सापडले. हे झाड मोजणीसाठी आखून ठेवलेल्या जमिनीच्या एका कायमच्या चौकटीत होते. त्याच्यापासून तीन पावलांवर उभे असलेले मोठे झाड आदल्या वर्षी उन्मळून पडल्याची नोंद तिथे आहे. माती तीच होती, पाऊस नेहमीइतकाच झाला होता, खत कुणी घातले नव्हते. शेजारी गेला आणि हे झाड वाढू लागले. एकोणतीस वर्षे ते जिवंत होते, दरवर्षी पालवत होते, आणि आपल्या कुठल्याही अहवालात ते ‘यशस्वी’ म्हणूनच मोजले गेले असते.

मी बरीच वर्षे झाडांचे घेर मोजतो आहे. छातीच्या उंचीवर टेप गुंडाळायची, आकडा लिहायचा, काही वर्षांनी परत त्याच झाडापाशी जायचे. या कामात एक गोष्ट मनावर ठसली, आणि तीच तुमच्यापुढे मांडायची आहे. एखाद्या जागेवर किती जंगल वाढेल हे आपण किती रोपे लावली यावर ठरत नाही. ती जागा किती उजेड, किती पाणी आणि किती अन्नद्रव्ये देऊ शकते यावर ते ठरते. रोपांची संख्या वाढवली की तीच शिदोरी जास्त तोंडांत वाटली जाते, एवढेच.

आधी उजेडाबद्दल, कारण तो डोळ्यांना दिसतो. दाट वर्षावनात पर्णछत्रावर पडलेल्या उजेडापैकी जमिनीपर्यंत साधारण एक-दोन टक्केच पोहोचतो. त्या अंधारात उगवलेले रोप कसेबसे श्वसनाचा खर्च भागवते, वाढीसाठी त्याच्या हाती फारसे काही उरत नाही. काही जाती हे सोसतात. बीच किंवा हेमलॉकची रोपे सावलीत कित्येक दशके नुसती तगून राहतात आणि वरचे छत्र उघडले की वाढीला लागतात. पाइनच्या आणि बऱ्याच उजेडप्रिय जातींना ते जमत नाही, त्या काही वर्षांत मरतात. म्हणून सगळ्या जाती एकाच अंतरावर लावण्याचा आराखडा कागदावर कितीही नीटनेटका दिसला, तरी झाडांच्या दृष्टीने त्याला अर्थ नसतो.

जमिनीखाली चाललेली ओढाताण मात्र दिसत नाही, आणि आपल्या आराखड्यांत तिला जागाच नसते. जर्मनीत फ्रिके नावाच्या वनशास्त्रज्ञाने १९०४ मध्ये यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मोठ्या स्कॉट्स पाइनखाली खुरटलेल्या रोपांच्या भोवती त्याने चर खणला. मोठ्या झाडांची त्या तुकड्यात शिरलेली मुळे तुटली. वरची एक फांदीही त्याने छाटली नव्हती, सावली होती तशीच राहिली. तरीही रोपे जोमाने वाढू लागली. त्या वाळूच्या कोरड्या जमिनीत त्यांना उजेडापेक्षा पाण्याचा आणि अन्नाचा तुटवडा होता. ते दोन्ही मोठ्या झाडांची मुळे आधीच उचलून नेत होती. ‘मोठ्या झाडाच्या सावलीत लहान झाड वाढत नाही’ असे आपण सहज म्हणून जातो. त्यातली सावली पुष्कळदा निर्दोष असते.

पाण्याचा हिशेब तर फारच कठोर आहे. झाड मुळांनी जेवढे पाणी ओढते त्यातले बहुतांश पानांतून वाफ होऊन निघून जाते, अंगी लागते ते अगदी थोडे. पानांवरची रंध्रे उघडल्याशिवाय कार्बन डायऑक्साइड आत येत नाही, आणि ती उघडली की पाणी बाहेर जाते. माती कोरडी पडली की झाड रंध्रे मिटते, म्हणजे पाणी वाचवते आणि उपाशी राहते. एकाच मातीवर दुप्पट झाडे उभी असली तर रंध्रे मिटण्याची वेळ कितीतरी लवकर येते.

जगातल्या सर्वांत उंच झाडांनाही हाच नियम आडवा येतो. कॅलिफोर्नियाचे किनारी रेडवुड आज ११५ मीटरच्या पुढे गेलेले आहेत. त्यांच्या शेंड्यांवर चढून केलेल्या मोजमापांवरून २००४ मध्ये संशोधकांनी अंदाज बांधला, की झाडाची उंची १२२ ते १३० मीटरच्या पुढे जाणार नाही. दर दहा मीटर उंचीला पाण्याचा स्तंभ वर खेचायला साधारण एका वातावरणाच्या दाबाइतका जास्त ताण लागतो. शेंड्याकडची पाने त्यामुळे खवल्यांसारखी बारीक राहतात, जणू ती कायम दुष्काळातच आहेत. ही झाडे धुक्याने भिजणाऱ्या प्रदेशात उभी आहेत, तरीही.

अन्नद्रव्यांबद्दल जुना नियम आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल श्प्रेंगेलने तो १८२८ मध्ये मांडला आणि पुढे युस्टुस फॉन लीबिगने तो सर्वदूर नेला : जे सर्वांत कमी पडते ते वाढ रोखते, बाकीचे कितीही मुबलक असो. प्रत्यक्ष जंगलात एकाच वेळी दोन-तीन गोष्टी कमी पडू शकतात, हे पुढे कळले. पण मूळ मुद्दा टिकून आहे, आणि ‘हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला आहे, मग झाडेही आपोआप जास्त वाढतील’ या आशेवर आपले बरेच आराखडे उभे असल्यामुळे तो आज फार महत्त्वाचा आहे.

ही आशा तपासली गेली आहे. अमेरिकेत टेनेसीमधल्या ओक रिज इथे स्वीटगम झाडांच्या लागवडीवर वर्षानुवर्षे जादा कार्बन डायऑक्साइड सोडला गेला. सुरुवातीला वाढ सुमारे २४ टक्क्यांनी जास्त होती. २००८ पर्यंत हा फायदा ९ टक्क्यांवर घसरला, कारण मातीतले नत्र (नायट्रोजन) पुरेना. सिडनीजवळच्या जुन्या निलगिरीच्या जंगलात असाच प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. झाडांनी हवेतून १२ टक्के जास्त कार्बन घेतला खरा, पण लाकूड वाढले नाही. त्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) अगदी तुटपुंजे आहे. जास्तीचा कार्बन झाडांतून मातीत आणि मातीतून श्वसनावाटे परत हवेत गेला. लागवड करून अमुक इतका कार्बन साठेल असे लिहून देताना तुमच्यापैकी किती जणांनी त्या मातीतले नत्र आणि स्फुरद तपासून घेतले होते? हा आरोप नाही. हा प्रश्न मी स्वतःही फार उशिरा विचारायला शिकलो.

आता संख्येकडे येतो.

एकाच वयाची झाडे दाट उभी असली की त्यांच्यात एक ठरीव घट होत जाते. १९३३ मध्ये रायनेके या अमेरिकन वनशास्त्रज्ञाने अनेक जंगलांची आकडेवारी एकत्र मांडली. झाडांचा सरासरी व्यास दुप्पट झाला, की त्या जागेवर मावू शकणाऱ्या झाडांची संख्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते, असे त्यातून निघते. जिथे १० सेंटिमीटर व्यासाची ३,००० झाडे मावतात, तिथे ती २० सेंटिमीटरची होईपर्यंत हजारभर उरतात आणि ४० सेंटिमीटरची होईपर्यंत सव्वातीनशे. पुढे १९६३ मध्ये जपानमध्ये योदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच कल लहान रोपट्यांतही दाखवला. बाकीची झाडे कुठे जातात? ती मरतात. रोगाने नाही, कुणाच्या दुर्लक्षानेही नाही. जागा पुरत नाही म्हणून मरतात.

युरोपातल्या एका मोजणीने मला फार विचार करायला लावला. मध्य युरोपात काही चौकटींची मोजणी १८७० च्या दशकापासून अखंड चालू आहे. (दीडशे वर्षे पिढ्यानपिढ्या माणसे त्याच झाडांपाशी टेप घेऊन जात राहिली, हे माझ्यासारख्याला भारावून टाकते.) तिथली बीच आणि स्प्रूसची झाडे आज पूर्वीपेक्षा बरीच वेगाने वाढतात. हवामान उबदार झाले, वाढीचा हंगाम लांबला, हवेतून नत्र पडू लागले. पण दाटीचा नियम काही बदलला नाही. अमुक जाडीची झाडे एका हेक्टरात जितकी पूर्वी मावत तितकीच आजही मावतात, फक्त त्या टप्प्यावर ती लवकर पोहोचतात. त्यामुळे आपल्या एखाद्या उपायाने झाडांचा वेग वाढलाच, तर विरळणीची, म्हणजे दाटीतली काही झाडे काढून बाकीच्यांना जागा करून देण्याची, वेळही आधी येणार, हे धरून चालावे लागेल.

दर चौरस मीटरला तीन रोपे लावली तर हेक्टरी ३०,००० होतात. पूर्ण वाढलेल्या जंगलात त्याच जागेवर मोठी झाडे काही शेकडाच असतात. जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांच्या पद्धतीत अशी दाट लागवड जाणूनबुजून केली जाते. रोपांनी एकमेकांशी झटून लवकर उंच व्हावे आणि त्यातली बरीच पुढे गळावीत, हे त्या पद्धतीत गृहीतच आहे. छोट्या, उघड्या तुकड्यावर लवकर हिरवाई आणायची असेल तर तो एक मार्ग आहे. माझी हरकत आहे ती ३०,००० हा आकडा ‘३०,००० झाडे’ म्हणून जाहीर करण्याला. ती ३०,००० रोपे आहेत, आणि त्यांतली बहुतेक मोठी होणार नाहीत हे लावतानाच ठाऊक असते.

इथे एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लागवडीची तपासणी माझ्याकडे आली. झाडे चौदा वर्षांची होती. दुरून पाहिले तर हिरवीगार, उंच, ओळीने उभी. छायाचित्रे सुरेख आली असती, आणि आलीही होती. दाटीत उभ्या असलेल्या झाडाची उंची फारशी कमी होत नाही. उजेडासाठी ते वर वर जातच राहते. दाटीचा मार बसतो तो जाडीवर. अन्न कमी मिळाले की झाड आधी पानांना आणि मुळांना देते, खोडाची पाळी मागाहून येते. मी टेप लावली तेव्हा ती झाडे म्हणजे नुसत्या काठ्या होत्या. पालवी शेंड्याला मूठभर, खाली सगळ्या फांद्या वाळलेल्या. मी विरळणीची शिफारस केली. तीन झाडांतले एक काढावे, आणि ते दोन-तीन टप्प्यांत काढावे, असे लिहून दिले. उत्तर आले की लागवडीतले एकही झाड तोडले जाणार नाही, कारण जिवंत झाडांची टक्केवारी घटेल. पाच वर्षांनी लागोपाठ दोन कोरडे हंगाम गेले, पाठोपाठ खोडकिडा आला आणि मग एका वाऱ्याच्या रात्री उरलेल्यांतली पुष्कळ झाडे आडवी झाली. काठ्यांना वारा पेलवत नाही.

ज्यांनी ते उत्तर लिहिले त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना ज्या रकान्याचा जाब द्यायचा होता, तोच रकाना त्यांनी सांभाळला. राग आहे तो त्या रकान्यावर, आणि तो रकाना तुम्ही आखता.

‘जिवंत झाड तोडायचे आणि त्याला जंगलाची काळजी म्हणायचे?’ हा प्रश्न मला दरवेळी विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याच्या मनातली माया मला कळते. पण वनशास्त्रात फार जुने निरीक्षण आहे, की दाटीच्या बऱ्याच मोठ्या पल्ल्यात एका हेक्टरात दरवर्षी वाढणारे एकूण लाकूड जवळजवळ तेवढेच राहते. ते हजार काटकुळ्या झाडांत विभागायचे की तीनशे दणकट झाडांत, एवढेच आपल्या हातात असते. दणकट झाड दुष्काळात तग धरते. त्याच्या मुळांना मातीचा मोठा भाग मिळालेला असतो, गाठीशी साठा असतो, किडीला अडवायला चीक आणि राळ तयार करण्याची ताकद असते. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात आणि त्याच्या पाठोपाठ दहा कोटींहून जास्त झाडे मेली. उष्णता आणि साल पोखरणारे भुंगेरे ही कारणे होतीच. शिवाय शंभर वर्षे प्रत्येक वणवा विझवत राहिल्यामुळे तिथली बरीच जंगले पूर्वीपेक्षा कितीतरी दाट झाली होती. झाडांनी तहान वाटून घेतली आणि कुणालाच पुरली नाही.

आता माझ्या म्हणण्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर तुम्ही उद्या सगळीकडे कुऱ्हाड घेऊन निघाल.

झाडे फक्त भांडतच नाहीत. तापलेल्या, उघड्या, वाऱ्याच्या जागी शेजारचे झुडूप रोपाला सावली देते, दव टिकवते, चरणाऱ्या जनावरांपासून लपवते. अशा ठिकाणी पहिली काही वर्षे सोबत फायद्याची ठरते आणि पुढे तीच अडचण होते. निरनिराळ्या जाती एकत्र असल्या तर एकीची मुळे खोल आणि दुसरीची उथळ, एकीला भर उजेड हवा आणि दुसरीला सावली चालते. त्यामुळे मिश्र जंगलात ओढाताण थोडी सैल होते. बुरशीच्या जाळ्यातून झाडे एकमेकांना अन्न पुरवतात ही कथा अलीकडे फार लोकप्रिय झाली आहे. बुरशी आणि मुळे यांची देवाणघेवाण खरी आहे, तिच्याशिवाय कित्येक झाडांना स्फुरद मिळणारही नाही. पण मोठी झाडे लहानांना पोसून वाढवतात, असे म्हणण्याइतका पुरावा प्रत्यक्ष जंगलांतून पुढे आलेला नाही. २०२३ मध्ये याच विषयावर काम करणाऱ्या काही शास्त्रज्ञांनी तो सारा पुरावा तपासून हेच सांगितले. या कथेच्या भरवशावर रोपे खेटून लावू नयेत, एवढीच विनंती.

आणि जुन्या, नैसर्गिक जंगलात विरळणी करायला मी सांगत नाही. तिथे ती आपोआप होत असते. पडलेले झाड, उघडलेली फट, त्या फटीत झेपावणारी रोपे, वाळके खोड पोखरणारे पक्षी, सगळे त्यातच आले. पनामातल्या बॅरो कोलोराडो बेटावर १९८० मध्ये ५० हेक्टरांचा एक तुकडा आखला गेला. तिथे बोटाएवढ्या रोपापासून प्रत्येक खोडाची नोंद आहे. अशी दोन लाखांहून जास्त खोडे, सुमारे तीनशे जातींची. बहुतांश खोडे अगदी बारीक आहेत. ती वाट पाहत उभी असतात. ते जंगल निरोगी आहे आणि तिथे झाडे सतत मरत असतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, हे आपल्या लागवडीच्या कागदांत कुठेही उमटत नाही.

सावकाश वाढ म्हणजे वाईट वाढ, असेही माझे म्हणणे नाही. कॅलिफोर्नियाच्या व्हाइट माउंटन्समध्ये कोरड्या, निकस मातीवर एकेकटी उभी असलेली ब्रिस्टलकोन पाइनची काही झाडे ४,००० वर्षांहून जुनी आहेत. कॅनडात नायगाराच्या कड्यावर खडकाच्या भेगांतले पांढरे सीडर हजार वर्षे जगून मनगटभर ते मांडीभर जाडीचेच राहिलेले सापडतात. त्यांना कमी मिळते, पण त्यांच्या वाट्याला शेजारीही कमी आहेत. उलट, वेगाने वाढणारी झाडे सहसा लवकर मरतात, असे जगभरच्या वलयांच्या अभ्यासातून दिसते. लवकर मोठे होणारे रोप निवडून जास्त काळ कार्बन साठेल, हे गणितही म्हणून तपासून घ्यायला हवे.

माझे मागणे फार नाही. तुमच्या तपासणीच्या नमुन्यात ‘लावलेली रोपे’ आणि ‘जिवंत रोपे’ या दोन रकान्यांपुढे तिसरा रकाना घाला : छातीच्या उंचीवरचा घेर. सगळ्या झाडांचा नको, चौकटी आखून त्यांतल्या झाडांचा पुरे. तपासणी तिसऱ्या वर्षी संपवू नका. दाटी खरी जाचू लागते ती त्याच्यानंतर. लागवडीला पैसा देता तेव्हाच दहाव्या-पंधराव्या वर्षीच्या विरळणीचाही पैसा बाजूला ठेवा, आणि विरळणीत काढलेले झाड ‘नुकसान’ या सदरात लिहायला लावू नका. रोप लावण्याआधी मातीची खोली, पाणी धरण्याची तिची ताकद, नत्र आणि स्फुरद तपासा, आणि त्यावरून अंतर ठरवा. उथळ, कोरड्या जमिनीवर कमी रोपे लावणाऱ्याला कमी गुण मिळतात, ही आजची रीत थांबवा.

आणि माझे म्हणणे पटत नसेल तर ते तपासून पाहण्याची सोय ठेवा. प्रत्येक मोठ्या लागवडीत दोन तुकडे आखा. एकात वेळेवर विरळणी करा, दुसऱ्याला हात लावू नका. दोन्हींतल्या प्रत्येक झाडावर क्रमांक टाका आणि दर पाच वर्षांनी घेर मोजा. एकाची नोंद दुसऱ्याला कळू न देता मोजणारी माणसे नेमा म्हणजे शंका राहणार नाही. पंचवीस वर्षांनी दोन्ही तुकड्यांतून एकेक झाड पडेल तेव्हा त्यांचे आडवे काप शेजारी शेजारी ठेवून वलये मोजता येतील. माझ्या टेबलावरचा काप तोपर्यंत मी जपून ठेवतो. हवा असेल तर निरोप पाठवा, घेऊन येईन.

आपला,
झाडांचे घेर मोजणारा एक